हाइव्ह मेटास्टोअरसाठी डेटाबेस तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा लेकच्या (सगळा डेटा एकत्र ठेवणाऱ्या मोठ्या साठ्याच्या) बैठकांमध्ये स्टोरेजवर तासभर बोलणं होतं, क्लस्टरवर दोन तास, आणि हाइव्ह मेटास्टोअरच्या, म्हणजे कोणता डेटा कुठे आहे याची यादी सांभाळणाऱ्या सेवेच्या, मागच्या डेटाबेससाठी शेवटी एका ओळीचं तिकीट येतं: "पोस्टग्रेसवर एक डेटाबेस काढून द्या." हे तिकीट ज्यांच्याकडे येतं ते डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) आणि ते टाकणारे डेटा इंजिनिअर, दोघांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. डेटाबेस पाच मिनिटांत तयार होतो हे खरंच आहे. पण त्या पाच मिनिटांत ठरणाऱ्या चार-पाच गोष्टी नंतर बदलायच्या म्हणजे अख्खा प्लॅटफॉर्म थांबवावा लागतो. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेसची दिली आहेत. मायएसक्यूएल वेगळं वागतं तिथे तसं सांगितलं आहे.

मेटास्टोअर या डेटाबेसमध्ये नेमकं काय ठेवतो?

खरा डेटा नाही. तो एचडीएफएसवर (हडूपच्या फाइल सिस्टिमवर) किंवा एस3 सारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये असतो. गोदामात माल आणि टेबलावर स्टॉकवही, तसा हा मामला. कोणती टेबलं आहेत, त्यांचे कॉलम कोणते, फाइली कुठल्या फोल्डरमध्ये, कोणत्या फॉरमॅटमध्ये, पार्टिशन (टेबलाचे तारखेसारख्या किमतीनुसार पाडलेले भाग) किती, आकडेवारी काय, एवढंच इथे असतं. डीबीएस, टीबीएलएस, एसडीएस, कॉलम्स_व्ही2, पार्टिशन्स ही त्यातली मुख्य टेबलं. ट्रान्झॅक्शनल टेबलं वापरत असाल तर कुलपं (लॉक) आणि ट्रान्झॅक्शनच्या नोंदीही इथेच पडतात.

नावात हाइव्ह असलं म्हणून हाइव्ह वापरणाऱ्यांनीच याची काळजी करायची असं नाही. स्पार्क, ट्रिनो, इम्पाला, फ्लिंक ही डेटावर क्वेरी आणि जॉब चालवणारी सगळी मंडळी याच कॅटलॉगला विचारून पुढे जातात. डेटाबेस बसला की सगळी एकदम बसतात.

सध्या डर्बीवर चाललंय. वेगळा डेटाबेस खरंच लागतो का?

एकट्याने लॅपटॉपवर शिकत असाल तर डर्बी (हाइव्हसोबत येणारा छोटा डेटाबेस) पुरते. एम्बेडेड (प्रोग्रामच्या आतच चालणाऱ्या) डर्बीचा डेटाबेस एका वेळी एकच प्रोसेस उघडू शकते; दुसरी आली की "डर्बीचा दुसरा इन्स्टन्स आधीच चालू असावा" अशा अर्थाचा एरर येतो. शिवाय ती मेटास्टोअर_डीबी नावाचं फोल्डर तुम्ही ज्या डिरेक्टरीतून कमांड दिली तिथेच तयार करते. काल केलेली टेबलं आज गायब, असं नवीन मुलं सांगत येतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्यांनी आज वेगळ्या फोल्डरमधून शेल उघडलेला असतो. टीम दोन माणसांची झाली की डर्बी सोडा.

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर: कोणता घ्यावा?

चारही चालतात. तुमच्या कंपनीत रात्री दोन वाजता ज्या डेटाबेससाठी कुणीतरी उठतं, तो घ्या. मोकळी निवड असेल तर मी पोस्टग्रेस सांगेन, आणि त्याचं कारण वेग नाही, कॅरेक्टर सेट आहे. ते पुढे येतंच.

मायएसक्यूएल घेतलं तर त्याचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) हाइव्हसोबत येत नाही, तिची जार फाइल स्वतः आणून लिब फोल्डरमध्ये टाकावी लागते. आणि लोअर_केस_टेबल_नेम्स (टेबलांच्या नावांत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा का) ही सेटिंग आधीच ठरवा. मायएसक्यूएल 8 मध्ये ती फक्त सर्व्हर पहिल्यांदा इनिशियलाइझ करताना देता येते, नंतर नाही.

डेटाबेस बनवताना एन्कोडिंग आणि कोलेशन काय द्यावं?

पोस्टग्रेसवर एन्कोडिंग यूटीएफ8, कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) "सी", आणि टेम्प्लेट म्हणून टेम्प्लेट0. टेम्प्लेट सांगितलं नाही तर पोस्टग्रेस टेम्प्लेट1 घेतं आणि त्याचं कोलेशन वेगळं असल्यामुळे कमांड नाकारतं. तेव्हा बरेच जण कंटाळून कोलेशनचा भागच काढून टाकतात. तो काढू नका.

कारण असं. कोलेशन इंग्रजी किंवा दुसऱ्या एखाद्या भाषेचं ठेवलं तर शब्दांचा क्रम पोस्टग्रेस सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी लायब्ररीला विचारून ठरवतं. 2018 मध्ये जीलिबसी 2.28 आली आणि तिने हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. म्हणजे रेड हॅट 7 वरून 8 वर गेलात किंवा डेबियन 9 वरून 10 वर, की जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या क्रमाने शोधला जातो. ओळ टेबलात असते पण सापडत नाही. युनिक इंडेक्स असूनही तेच नाव दुसऱ्यांदा आत शिरतं. मेटास्टोअरमध्ये टेबलांची आणि पार्टिशनची नावं हेच मुख्य इंडेक्स, आणि ते सगळे मजकुराचे. "सी" कोलेशनमध्ये तुलना थेट बाइटवर होते, लायब्ररीचा संबंधच येत नाही. मेटास्टोअरला मराठी किंवा इंग्रजी अकारविल्हे क्रमाशी काही देणंघेणं नसतं, तेव्हा यात तुम्ही काहीच गमावत नाही.

आधीच दुसऱ्या कोलेशनवर असाल तर ओएस अपग्रेडच्या दिवशीच रीइंडेक्स करा (इंडेक्स नव्याने बांधा). आणि प्रायमरी (मुख्य सर्व्हर) एका ओएस आवृत्तीवर, रेप्लिका (त्याची चालती प्रत) दुसऱ्या, असं मुळीच ठेवू नका.

कॉलमची कॉमेंट मराठीत लिहिली तर प्रश्नचिन्हं दिसतात. का?

तुम्ही मायएसक्यूएलवर आहात. हाइव्हच्या मायएसक्यूएल स्क्रिप्ट टेबलं लॅटिन1 कॅरेक्टर सेटमध्ये बनवतात, आणि लॅटिन1 मध्ये देवनागरी बसत नाही. "ग्राहकाचा पिनकोड" लिहिलं की आत फक्त प्रश्नचिन्हं जातात. ती परत मराठी होत नाहीत, कारण मूळ अक्षरं साठवलीच गेलेली नसतात.

हा लॅटिन1 चा हट्ट उगाच नाही. इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनाच्या) जुन्या रो फॉरमॅटमध्ये इंडेक्सच्या एका कॉलमला 767 बाइटची मर्यादा होती. यूटीएफ8एमबी4 मध्ये एका अक्षराला 4 बाइट धरतात, म्हणजे 191 अक्षरांच्या पुढचा कॉलम इंडेक्समध्ये बसायचा नाही आणि हाइव्हची नावं त्याहून लांब. "स्पेसिफाइड की वॉज टू लाँग" हा एरर कित्येकांनी पाहिला असेल. मायएसक्यूएल 5.7 पासून डायनॅमिक रो फॉरमॅट डीफॉल्ट झाला आणि मर्यादा 3072 वर गेली, पण स्क्रिप्ट जुन्याच वळणाच्या राहिल्या.

उपाय: स्कीमा (मेटास्टोअरची स्वतःची टेबलं) तयार झाल्यावर, हाइव्हमध्ये कुणी एकही टेबल बनवण्याआधी, फक्त वर्णनाचे कॉलम यूटीएफ8एमबी4 करा. म्हणजे कॉलम्स_व्ही2 मधला कॉमेंट, टेबल_पॅराम्स मधला पॅराम_व्हॅल्यू, आणि पार्टिशन_कीज मधला पार्टिशनच्या कॉलमची कॉमेंट ठेवणारा कॉलम. नावांचे, इंडेक्समधले कॉलम जसे आहेत तसे राहू द्या. सगळा डेटाबेस एका फटक्यात बदलणाऱ्या स्क्रिप्ट इंटरनेटवर मिळतात. त्या चालवल्या की पुढच्या अपग्रेडला कुठली ना कुठली फॉरिन की अडते. जेडीबीसीच्या यूआरएलमध्येही यूटीएफ-8 सांगायला विसरू नका.

ओरॅकलवर वेगळी गंमत आहे. कॅरेक्टर सेट एएल32यूटीएफ8 असला तरी कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून, 3 बाइट लागतात. 256 बाइटच्या कॉलममध्ये अशी 85 चिन्हं मावतात. मराठीत ते एक मध्यम वाक्य झालं.

पोस्टग्रेसवर यूटीएफ8 दिलं असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

युजर किती, आणि परवानग्या कोणत्या?

किमान दोन. एक मालक, ज्याच्या नावावर टेबलं असतील आणि जो स्कीमा बनवेल, अपग्रेड करेल. दुसरा चालवणारा, ज्याला फक्त वाचणं, घालणं, बदलणं, पुसणं एवढ्या चार परवानग्या. मेटास्टोअर रोजच्या कामासाठी दुसऱ्या युजरने जोडायचा. पोस्टग्रेस घेतलं तर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस (नव्या टेबलांना आपोआप लागणाऱ्या परवानग्या) आधीच लावून ठेवा, नाहीतर अपग्रेडमध्ये नवीन टेबल आलं की चालवणाऱ्याला ते वाचता येत नाही आणि सकाळी गोंधळ होतो.

पोस्टग्रेस 15 पासून पब्लिक स्कीमात (डेटाबेसमधल्या डीफॉल्ट कप्प्यात) वाटेल त्याला टेबल बनवता येत नाही. जुन्या ब्लॉगवरच्या कमांड जशाच्या तशा चिकटवल्या की "परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक" येतो तो यामुळे. डेटाबेसचा मालकच स्कीमा बनवत असेल तर अडचण येत नाही. त्यावर सुपरयुजर देऊन टाकणं हा उपाय नव्हे, तरी तोच सर्रास केला जातो.

"ऑथेंटिकेशन टाइप 10 इज नॉट सपोर्टेड" म्हणजे काय?

ड्रायव्हर जुना आहे. पोस्टग्रेस 14 पासून पासवर्ड डीफॉल्टने स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात, आणि जेडीबीसी ड्रायव्हर 42.2.0 च्या आधीचा असेल तर त्याला स्क्रॅम कळत नाही. पासवर्ड परत एमडी5 या जुन्या पद्धतीवर नेण्याऐवजी जार बदला. जुनी जार लिब फोल्डरमध्ये शिल्लक राहिली तर तीच आधी लोड होऊ शकते, तेव्हा ती काढूनही टाका.

कनेक्शन किती लागतील?

लोक इथे हमखास कमी मोजतात. मेटास्टोअरच्या पूलची (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याची) कमाल मर्यादा डीफॉल्टने 10 असते, म्हणून "एक मेटास्टोअर, दहा कनेक्शन" असा हिशोब केला जातो. प्रत्यक्षात एका मेटास्टोअरमध्ये दोन पूल असतात, एक नेहमीच्या ऑब्जेक्टसाठी आणि एक ट्रान्झॅक्शनसाठी, आणि तीच मर्यादा दोन्हीला वेगवेगळी लागू होते. म्हणजे एकाला 20.

समजा तीन मेटास्टोअर आहेत: 60. शिवाय दोन हाइव्हसर्व्हर2 (हाइव्हच्या क्वेरी घेणारे सर्व्हर), आणि कुणीतरी त्यांना एम्बेडेड, म्हणजे त्यांच्याच आत चालणारा, मेटास्टोअर ठेवला आहे: आणखी 40. झाले 100. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयुजरसाठी राखीव. म्हणजे मॉनिटरिंग आणि बॅकअप जोडायच्या आधीच तुम्ही ओलांडून गेलात. रोज हे दिसत नाही, कारण पूल भरत नाही. महिनाअखेरीला सगळे जॉब एकदम सुटले की दिसतं.

यावर मर्यादा 1000 करून टाकणं ही पहिली प्रतिक्रिया असते. हाइव्हच्या दस्तऐवजातली सूचना उलट दिशेची आहे: सगळ्या पूलची मिळून बेरीज डेटाबेस सर्व्हरच्या फिजिकल कोअरच्या दुप्पट अधिक डिस्कची संख्या, एवढीच असावी. 16 कोअर आणि 4 डिस्क असतील तर 36. हा आकडा पाहून सगळ्यांचे डोळे विस्फारतात. तंतोतंत पाळा असं मी म्हणणार नाही, पण पूल वाढवत नेण्याआधी एम्बेडेड मेटास्टोअर बंद करा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मधला प्रोग्राम) वापरणार असाल तर सेशन मोड ठेवा. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये 1.21 च्या आधीच्या आवृत्त्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर अडखळतात.

जागा किती ठेवावी? मेटाडेटाच तर आहे.

टेबलांच्या संख्येवरून अंदाज काढू नका, पार्टिशनवरून काढा. एक टेबल तारीख आणि तास यांवर पार्टिशन केलं तर वर्षाला 24 गुणिले 365, म्हणजे 8,760 पार्टिशन. प्रत्येक पार्टिशनमागे पार्टिशन्समध्ये एक ओळ, एसडीएसमध्ये एक, सर्डीजमध्ये (फाइल कशी वाचायची-लिहायची ते सांगणारं टेबल) एक, की-व्हॅल्यूच्या दोन, आणि पार्टिशन_पॅराम्समध्ये फाइलींची संख्या, एकूण आकार वगैरेंच्या चार-सहा. इथपर्यंत ठीक आहे.

मग कुणीतरी कॉलमची आकडेवारी चालू करतं. पार्ट_कॉल_स्टॅट्समध्ये प्रत्येक पार्टिशनच्या प्रत्येक कॉलमला एक ओळ पडते. 50 कॉलम असतील तर एका टेबलाच्या वर्षाला 4,38,000 ओळी. अशी 200 टेबलं धरा: 8.76 कोटी. इंडेक्ससह एका ओळीला अर्धा केबी धरला तरी हे एकटं टेबल 40 जीबीच्या पुढे जातं, आणि वेगळ्या मूल्यांचा अंदाज लावण्यासाठी साठवलेले बिट व्हेक्टर धरले तर आणखी. तासाचं पार्टिशन खरंच लागतं का, हा प्रश्न डीबीएने विचारला तर इंजिनिअरांना आवडत नाही. तरी विचारावा.

पोस्टग्रेसवर कुलपांच्या आणि ट्रान्झॅक्शनच्या टेबलांत ओळी सतत येतात, बदलतात, पुसल्या जातात. डीफॉल्ट ऑटोव्हॅक्यूम (मृत ओळी आपोआप साफ करणारी प्रक्रिया) टेबलाचा साधारण 20 टक्के भाग मृत झाल्यावर जागा होतो. मोठ्या टेबलांसाठी हा आकडा टेबलनिहाय खाली आणा.

टेबलं डीबीएने बनवायची की मेटास्टोअर आपोआप बनवतो?

आपोआप बनवण्याची सोय आहे आणि ती प्रॉडक्शनमध्ये बंदच हवी. डेटान्यूक्लिअसची (मेटास्टोअर डेटाबेसशी जिच्यामार्फत बोलतो त्या लायब्ररीची) ऑटोक्रिएट सेटिंग फॉल्स, स्कीमा व्हेरिफिकेशन ट्रू. टेबलं हाइव्हच्या स्कीमाटूलने, मालक युजर वापरून, इनिटस्कीमा पर्यायाने बनवा, मग इन्फो आणि व्हॅलिडेट चालवून पाहा. व्हर्जन नावाच्या टेबलात एकच ओळ असते, स्कीमाची आवृत्ती सांगणारी. व्हेरिफिकेशन अडलं म्हणून ती ओळ हाताने बदलणारे महाभाग आहेत. आवृत्ती जुळते, टेबलं जुळत नाहीत, आणि चूक महिनाभराने भलत्याच जागी उघडी पडते.

आयसोलेशन लेव्हल बदलावी लागते का?

मेटास्टोअर स्वतः रीड कमिटेड (कायम झालेलेच बदल वाचू देणारी पातळी) मागतो, म्हणून सहसा नाही. फक्त मायएसक्यूएलवर बिनलॉगचा (बदलांच्या नोंदवहीचा) फॉरमॅट रो आहे ना ते पाहा. स्टेटमेंट असेल तर रीड कमिटेडमध्ये इनोडीबी लिहायलाच नकार देतं.

डेटाबेस सिंगापूरला आणि क्लस्टर मुंबईला, चालेल का?

जोडलं जाईल, चालणार नाही. मेटास्टोअर एका मागणीसाठी डेटाबेसकडे पुष्कळ लहान फेऱ्या मारतो. एका फेरीला 60 मिलिसेकंद आणि अशा 500 फेऱ्या धरल्या तर क्वेरी सुरू व्हायच्या आधीच अर्धं मिनिट गेलं. एकाच डेटासेंटरमध्ये ठेवा.

डेटाबेसवर थेट क्वेरी मारल्या तर चालतात का?

वाचायला हरकत नाही, पण रेप्लिकावर. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची नावं कॅपिटलमध्ये आणि दुहेरी अवतरणात द्यावी लागतात, नाहीतर "टीबीएलएस नावाचं टेबलच नाही" असं उत्तर येतं. डीबीव्हरमध्ये (क्वेरी चालवायच्या टूलमध्ये) ट्रान्झॅक्शन उघडं टाकून जेवायला जाणारा एक जण पुरतो. तो परत येईपर्यंत व्हॅक्यूमला मृत ओळी हटवता येत नाहीत. आयडल-इन-ट्रान्झॅक्शनची वेळमर्यादा लावाच.

लिहायला मात्र नाही. नेमनोड (एचडीएफएसचा मुख्य सर्व्हर) बदलला, ऑब्जेक्ट स्टोरेजच्या बकेटचं नाव बदललं, अशा वेळी एसडीएसवर अपडेट मारायचा मोह होतो. लोकेशन फक्त एसडीएसमध्ये नसतं, डेटाबेसच्या ओळीतही असतं आणि काही फॉरमॅटच्या बाबतीत सर्डीच्या पॅरामीटरमध्येही. त्यासाठी हाइव्हच्या मेटाटूलचा अपडेटलोकेशन पर्याय आहे, आणि आधी ड्रायरन (काही न बदलता चाचणी) करून पाहता येतं.

बॅकअप रोज रात्री घेतो. पुरेल का?

फाइल म्हणून पुरेल. पोस्टग्रेसचा पीजी_डम्प एकाच क्षणाचं सुसंगत चित्र घेतो; मायएसक्यूएलडम्पला सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय द्या. पण रीस्टोअर केल्यावर काय होतं याचा विचार झालेला नसतो.

कॅटलॉग रात्रीच्या एकवर गेला, स्टोरेज मात्र दुपारच्या तीनवर आहे. साध्या हाइव्ह टेबलांत मधल्या काळातली पार्टिशन दिसेनाशी होतात. फोल्डरची नावं नेहमीच्या "की बरोबर व्हॅल्यू" पद्धतीची असतील तर एमएससीके रिपेअरने (फोल्डर पाहून पार्टिशन नोंदवणाऱ्या कमांडने) ती परत येतात.

आइसबर्गची (स्वतःच्या मेटाडेटा फाइली ठेवणाऱ्या फॉरमॅटची) टेबलं असतील तर प्रकरण नाजूक आहे. टेबलाची सध्याची मेटाडेटा फाइल कोणती, याचा पत्ता टेबल_पॅराम्समधल्या एका ओळीत असतो. ती ओळ जुनी झाली की टेबल निमूटपणे रात्रीच्या एकच्या स्थितीत जातं. एररही येत नाही, आणि पुढचा जॉब त्यावरच लिहायला लागतो. मधल्या काळात जुने स्नॅपशॉट साफ करणारा जॉब चालला असेल तर ती जुनी मेटाडेटा फाइल ज्या डेटा फाइलींकडे बोट दाखवते त्याही उडालेल्या असू शकतात. म्हणून रीस्टोअरनंतर सगळे लिहिणारे जॉब बंद ठेवा, प्रत्येक टेबलाच्या मेटाडेटा फोल्डरमधली शेवटची फाइल शोधा, आणि टेबल त्या फाइलवर पुन्हा रजिस्टर करा. हे टाळायचं असेल तर पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (डेटाबेस हव्या त्या क्षणाला नेण्याची सोय) ठेवा, म्हणजे तुटलेला काळ मिनिटांत राहतो.

यात गोपनीय काय असणार? नुसती टेबलांची नावंच तर आहेत.

टॅब_कॉल_स्टॅट्स उघडून पाहा. आकडी कॉलमची किमान आणि कमाल किंमत तिथे खरी असते. पगाराच्या टेबलावर आकडेवारी काढली असेल तर सगळ्यात मोठा पगार तिथे लिहिलेला आहे. ग्राहक क्रमांकावर पार्टिशन केलं असेल तर पार्टिशन_की_व्हॅल्समध्ये ग्राहकांची यादीच पडली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 च्या संदर्भात कंपन्या डेटा लेकचा नकाशा काढतात, त्यात हा डेटाबेस क्वचितच असतो. तो घाला.

पासवर्ड हाइव्ह-साइट फाइलमध्ये उघडा ठेवू नका, हडूपच्या क्रेडेन्शिअल स्टोअरमध्ये ठेवा. जोडणी टीएलएसवर (कूटबद्ध), प्रमाणपत्राच्या पूर्ण पडताळणीसह.

मेटास्टोअर तीन आहेत, म्हणजे हाय अव्हेलेबिलिटी झाली ना?

मेटास्टोअरची झाली. 9083 पोर्टवरचे ते तिघे स्वतःजवळ काहीच साठवत नाहीत, एक गेला की क्लायंट दुसऱ्याकडे जातो. तिघांच्या मागे डेटाबेस मात्र एकच असेल तर तो पडल्यावर तिघेही मुके. सिंक्रोनस रेप्लिका ठेवा, जेडीबीसी यूआरएलमध्ये दोन्ही होस्ट लिहा आणि टार्गेट सर्व्हर प्रायमरीच हवा असं सांगा. फेलओव्हर (रेप्लिकाकडे काम सोपवणं) एकदा कामाच्या दिवशी, सगळ्यांना कळवून, मुद्दाम करून पाहा.

हाइव्हची आवृत्ती वाढवताना डेटाबेसच्या बाजूने काय तयारी?

डम्प घ्या, वेगळ्या डेटाबेसवर चढवा, आणि अपग्रेडस्कीमा आधी तिथे चालवा. रिकाम्या डेटाबेसवर केलेली चाचणी काही सांगत नाही. 8 कोटी ओळींच्या टेबलावर कॉलम बदलायला किती वेळ लागतो ते खऱ्या डेटावरच कळतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी प्रत्येक कमांड लगेच कायम होते. स्क्रिप्ट मध्येच पडली तर स्कीमा धड जुना नाही, धड नवा नाही, आणि मागे जायला फक्त डम्प असतो.

प्रत्यक्ष दिवशी सगळे मेटास्टोअर बंद करून मगच सुरुवात करा. आणि बंद केल्यावर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी एकदा बघा, डेटाबेसशी कोण जोडलेलं आहे ते त्यात दिसतं. कुठल्यातरी विसरलेल्या मशीनवरचा हाइव्हसर्व्हर2, एम्बेडेड मेटास्टोअरसह, अजून जोडलेला सापडतो. त्याचा आयपी त्याच ओळीत असतो.